बाटलीमामांचे सात मंगळवार

लोक त्यांना बाटलीमामा म्हणायचे आणि नवा माणूस हटकून फसायचा. मामांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. खांद्यावरच्या बर्फाच्या पेटीत काचेच्या बाटल्या खुळखुळायच्या, त्यावरून ते नाव. मामी मात्र म्हणायची, "पिणारा परवडला असता. तो निदान रिकामी बाटली घरी आणतो. ह्यांच्या बाटलीत अख्ख्या गावाची घाण, आणि तीही तान्ह्या पोरासारखी जपायची!"

काम तसंच होतं. दर मंगळवारी सकाळी धक्क्याच्या टोकाला जायचं. लोखंडी चौकटीत बाटली अडकवून दोरीनं खाली सोडायची, हातभर पाण्यात गेली की झाकण ओढायचं. काठोकाठ भरायची नाही, बोटभर जागा ठेवायची. तोंडाला बोट लागता कामा नये. मग बर्फात घालून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत. तिथल्या प्रमुख मॅडम ते पाणी कागदाच्या चकतीतून गाळायच्या आणि चकती काचेच्या बशीतल्या, जिवांना खाद्य असलेल्या खळीवर ठेवून रात्रभर उबेत ठेवायच्या. सकाळी तिच्यावर ठिपके उमटलेले असायचे. एकेक ठिपका म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेका जिवाचा वाढलेला गोतावळा. हे जीव समुद्राचे नव्हेत. माणसाच्या पोटातले, गटारानं समुद्रात गेलेले. दोन-अडीचशे ठिपके ठरलेले. समुद्राचे स्वतःचे सूक्ष्म जीव त्या खळीवर वाढत नाहीत. त्यांच्यासाठी मॅडम दर वेळी एक जादा चकती गोठवून ठेवायच्या, पुढेमागे कुणी तपासलं तर असू दे म्हणून.

एकोणीस वर्षं हे चाललं. एकही मंगळवार चुकला नव्हता. मामा तापानं फणफणले होते तेव्हाही गेले होते, आणि ते सगळ्यांना सांगून झालं होतं.

मग ते साल आलं. रोगाच्या भीतीनं सगळं बंद झालं. धक्क्याजवळ गटार सोडणारी हॉटेलं बंद, बोटी काठाला, कारखान्यांची धुराडी थंड. मॅडमनी फोन केला, "मामा, जमलं तर जा. जबरदस्ती नाही. पण असा बंद समुद्रानं कधी पाहिला नाही, आणि आपणही नाही. हे आकडे पुन्हा मिळायचे नाहीत."

एवढं ऐकल्यावर मामा कसले थांबतात! परवान्याचा कागद खिशात घालून सायकलवर जाऊ लागले. धक्क्यावर चिटपाखरू नाही. पाणी भरून पेटी प्रयोगशाळेच्या पहारेकऱ्याच्या खिडकीत ठेवायची, मॅडम दुपारी एकट्या येऊन उघडायच्या. दोघांची गाठ पडायची नाही.

घरी मामीचं हृदय थकलं होतं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. खारं पाणी कोमट करून पाय त्यात ठेवले की तिला बरं वाटायचं. म्हणून मामा येताना एक डबा समुद्राचं पाणी आणायचे. प्रयोगशाळेतून टाकून दिलेला जुना निळा डबा होता, चिठ्ठीसकट.

"काय दिसतं हो तिकडं?" मामी पाय बुडवून विचारायची.

"तळ दिसतो. धक्क्याच्या बुडाचे दगड दिसतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"बघा. माणसं घरात बसली तर समुद्रानं तोंड धुतलं."

सातव्या मंगळवारी सकाळी ती उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की श्वास लागायचा.

"आज नका जाऊ."

"दोन तासांत येतो. शेजारच्या वहिनी बसतायत तुझ्याजवळ."

"समुद्र काय पळून चाललाय?"

"मंगळवार चाललाय," मामा म्हणाले आणि पेटी उचलली.

ती हसली की नाही, हे त्यांना पुढं कितीही आठवून आठवलं नाही.

फोन ते घरीच ठेवायचे. मागे एकदा दोरी ओढताना तो पाण्यात पडला होता. दुपारी गल्लीत शिरले तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. पदर तोंडाशी. काही सांगावं लागलं नाही. मामी दहाच्या सुमाराला गेली होती. दहा वाजता मामा धक्क्यावर वाकून पाण्याचं तापमान वहीत लिहीत होते.

न्यायला चारच माणसांना परवानगी होती. चौथा माणूस मिळता मिळेना, शेवटी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर खांदा द्यायला आला.

चार दिवसांनी मॅडम भेटायला आल्या. दारातच बसल्या, दोन शब्द बोलल्या. उठताना त्यांची नजर मोरीकडे गेली. तिथं तो निळा डबा होता, अर्धा भरलेला. वर प्रयोगशाळेची चिठ्ठी.

 त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. बंदच्या आधी दोनशे चाळीस ठिपके. मग दीडशे, ऐंशी, पस्तीस, सोळा, सहा, दोन, आणि सातव्या मंगळवारी शून्य. पाणी भरून नुसतं घरात ठेवलं तर त्यातले पोटाचे जीव असेच दिवसागणिक मरत जातात, हे त्या स्वतःच नव्या मुलांना शिकवायच्या. मामा एकदाच डबा भरून आणतात आणि दर मंगळवारी त्यातूनच बाटली भरतात, असंच कुणालाही वाटलं असतं.

त्याच आठवड्यात बंद उठला आणि त्यांनी मामांना खोलीत बोलावलं.

"मामा, मी रागावणार नाही. मामी आजारी होत्या, बाहेर पडायची चोरी होती. खरं काय ते सांगा."

"कशाचं खरं?"

"तो डबा."

मामांना आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा कानशिलं तापली.

"तो हिच्या पायांसाठी होता."

"मामा..."

"अहो, मी गेलो होतो! दर मंगळवारी गेलो होतो."

"कुणी पाहिलं?"

पाहणार कोण? सगळा गाव दार लावून बसला होता. पहारेकऱ्यानं पेटी पाहिली होती, समुद्र नव्हे. मॅडमनी त्यांच्या देखत सातही आकड्यांवर लाल रेघ मारली.  शंकेचा आकडा वहीत ठेवायचा नाही, हा नियम त्यांचाच.

मामांनी भांडण केलं नाही. मंगळवार करत राहिले आणि सहा महिन्यांनी निवृत्त झाले. लबाड ठरल्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. एकच गोष्ट सलत राहिली. ते आकडे खोटे, तर मामीला तसं टाकून गेलो ते कशापायी? वहिनींना एकदा म्हणालेही, "घरी बसून डब्यातलंच पाणी भरलं असतं तर बरं झालं असतं. नाव तेच पडलं असतं आणि ती असताना जवळ तरी असतो."

दोन वर्षांनी मॅडम पुन्हा दारात आल्या. हातात कागदांची चळत. उंबऱ्यातच म्हणाल्या, "मामा, चुकले मी."

गोठवलेल्या चकत्या त्यांनी परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवल्या होत्या. तिथं समुद्राच्या स्वतःच्या जिवांची ओळख पटवली गेली. दर मंगळवारी त्यांची वस्ती वेगळी होती. माणसाचे जीव ओसरत गेले तसे समुद्राचे मूळ रहिवासी परतत होते, आठवड्याआठवड्याला नवे. डब्यात साठवलेल्या पाण्यात असं होत नाही. तिथं दोन-चार जाती माजतात, बाकीच्या मरतात.

"तुम्ही प्रत्येक वेळी गेला होतात. सातही आकडे मी परत वहीत घेतेय. तुमची सही हवी."

मामांनी सातही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सहा घ्या. सातवा राहू द्या."

"का?"

"कुठंतरी एका कागदावर तरी असू दे की त्या दिवशी मी घरी होतो."

 मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामा, तोच तर शून्याचा आहे. एकोणीस वर्षांतला एकमेव. तो काढला तर पाणी पुरतं निवळलं होतं हे कुणालाच कळणार नाही." मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "पण तुम्ही म्हणाल तसं करते."

आतून कुकरची शिट्टी झाली. मामांनी उठून गॅस बारीक केला, हात पुसत परत आले.

"नको," ते म्हणाले. "लिहा. होतो मी तिथं."

आणि सही कुठं करायची ते त्यांनी विचारलं.