आबा लाइनमन आणि बाहेरचा फॉल्ट

आमच्या समोरचे आबा टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. शाहूवाडीच्या डोंगरात सायकलला शिडी बांधून हिंडले. फोन बंद पडला की कारण बाहेरच सापडायचं. तारेवर पडलेली फांदी, खांबावर कावळ्याचं घरटं, एकदा तर वानराचं पिल्लू. घरात फॉल्ट नसतो, हे त्यांचं तत्त्व. रिटायर झाले तरी शिडी विकली नाही. त्यांच्या पत्नी शालनवहिनी तिच्यावर चादरी वाळत घालतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीची, संघप्रियाची, पुण्यातल्या नोकरीसाठी मुलाखत ठरली. शुक्रवारी अकराला, ऑनलाइन, आणि कॉम्प्युटरवरूनच. दोन वर्षं पोरगी या एका बोलावण्याची वाट बघत होती. आणि सोमवारी घरचं नेट रखडलं. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडलं की ते उघडंच राहायचं. मोबाइलच्या रेंजचं म्हणाल, तर आमच्या गल्लीत ती नसतेच.

आबांनी शिडी काढली.

त्यांच्या घरची नेटची वायर केबलवाल्यानं गच्च्यांवरून ओढलेली. आबा ती चाचपत निघाले आणि पहिला घाव माझ्या शेवग्यावर घातला. न विचारता!

"बाई, फांदी घासतीया वायरला."

"दोन हात लांब आहे ती, आबा!"

"वारं आलं की घासंल की."

शेंगांनी लगडलेली फांदी गेली. तिथून स्वारी तालमीपाशी. पैलवानांनी वायरीवर अकरा लंगोट वाळत टाकले होते. आबांनी हंबीरराव वस्तादांना गाठलं.

"वस्ताद, लंगोट काढा. पोरीची मुलाखत हाय."

"लंगोटानं मुलाखत अडती व्हय, आबा?"

"वजन पडतंय. नेट आतनं दबकत जातंय."

मी पदवीधर बाई, पण क्षणभर मलाही ते पटलं. हंबीररावांना तर पटलंच. लंगोट निघाले, पाठोपाठ शेजारच्या मोनाची ओढणी निघाली, एक जुना पतंग निघाला. नेट होतं तिथंच.

गुरुवारी संघप्रिया म्हणाली, "आबा, माझ्या मोबाइलवर हेच वायफाय पळतंय की. फक्त कॉम्प्युटरच रखडतोय. म्हणजे फॉल्ट त्याच्यातच हाय."

"घरात फॉल्ट नसतो," म्हणून आबा पुन्हा बाहेर.

शुक्रवारी सकाळी तिनं मला बोलावलं. एकटीचा धीर सुटत चालला होता. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर बदलून पाहिली. फरक शून्य. मग तिला आठवलं, रविवारी कॉम्प्युटरनं आपणहून अपडेट घेतलं होतं. त्यात नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो नवा आला होता. कार्ड जुनं, ड्रायव्हर नवा, दोघांचं जमेना. तिनं जुना ड्रायव्हर परत आणला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दहा चाळीसला नेट सुसाट. आम्ही दोघी ओरडलोच.

दहा पन्नासला नेट पार गेलं.

धावत बाहेर आलो. तालमीसमोर आबा शिडीवर, हातात पक्कड, वायर मधोमध तोडलेली.

"आबा, आत्ता चालू झालं होतं!" संघप्रिया ओरडली.

"मग वरडालीस कशाला?"

"तुम्ही तोडलंत!" मी म्हणाले.

"कुजकी हुती वीतभर. काढली." मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि चेहरा असा उतरला की मला शिव्या देता येईनात. "किती वाजलं?"

उत्तराला न थांबता त्यांनी दोन्ही टोकं दातानं सोलली. आत आठ रंगीत तारा. रंगाला रंग लावून पीळ देत गेले. हंबीररावांनी शिडी धरली, तालमीतले शड्डू बंद केले. चिकटपट्टी मात्र चार दिवसांत संपवलेली. आबांनी तो सांधा दोन्ही हातांनी धरला आणि श्वास रोखून उभे राहिले. अकराला एक मिनिट कमी असताना संघप्रिया खिडकीतून ओरडली, "आलं!"

मुलाखत पाऊण तास चालली. शालनवहिनींनी शिडीवर चढून त्यांना चहा पाजला, बशीनं. नंतर घरात पेढे, फोन, गडबड. शिडीकडे कुणाचं लक्षच नाही. साडेबाराला मी भाजीला निघाले, तर आबा तसेच.

"अहो, उतरा! मुलाखत कधीच संपली. छान झाली."

"निकाल लागला?"

"पंधरा दिवसांनी लागणार."

आबांनी विचार केला. सांधा अजून दोन्ही हातांत घट्ट धरलेला होता.

"मग तेवढी चिकटपट्टी आणा, बाई."