सरांसाठी एकच भाषा

निरंजन सरांना लकवा मारला तेव्हापासून मी रोज त्यांच्या घरी जाते. आज जायचंच नाही असं ठरवलं होतं, तरी गेले.

सर मूळचे निंबोल्याचे. घरी केळी, कापूस. भाऊ शेतात राहिले आणि हे इंग्रजीच्या मागे लागले. कॉलेजात नोकरी काही मिळाली नाही म्हणून बुऱ्हानपुरात शनवारा गेटजवळ एका खोलीत क्लास काढला आणि तिथेच केस पांढरे झाले. आम्हाला रट्टा मारू द्यायचे नाहीत. एक शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला तिथपर्यंत जायचं. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द पॉन्डर. म्हणायचे, "थिंक तर सगळेच करतात. पॉन्डर म्हणजे वजन करणं, लॅटिनमधून आलाय. केळीचा घड लटकवला की काटा हलतो ना, तो थांबेपर्यंत गप्प बसायचं, ते पॉन्डर." कन्सिडरमध्ये तारे आहेत म्हणे, रुमिनेटमध्ये रवंथ करणारी म्हैस. मी मध्येच उत्तर दिलं की म्हणायचे, "मृणाल, तोंड आलं, डोकं मागच्या बसने येतंय का?" सगळा क्लास हसायचा, मी पण.

आता त्या माणसाला जेवायला मागता येत नाही. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं. शब्द ओठापर्यंत येतो आणि परत जातो.

आणि आम्ही काय केलं, तर सगळ्यांनी मिळून त्यांना बोलायला लावलं. मनकर्णा आजी, म्हणजे सरांची आई, खाटेजवळ बसून म्हणायची, "तुले काय पायजे रे निरंजन, सांग ना बापा." प्रतिभा काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, मराठीत, "जेवण म्हणा, जे-वण." इंदूरहून त्यांचा मुलगा अक्षय व्हिडिओ कॉलवर, "पापा, खाना बोलो, ट्राय तो करो." आणि मी फूड, थिंक, रिफ्लेक्ट, पॉन्डर, एकामागून एक. बुऱ्हानपुरात कोणाच्या घरात एकच भाषा असते? आम्हाला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही.

काल जळगावच्या स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही पेशंटला गोंधळात टाकताय, सध्या एकच भाषा, घरात सगळ्यांनी तीच, कोणती ते तुम्ही ठरवा.

काकूंनी लगेच ठरवलं. मराठी.

"आणि इंग्रजी?" मी विचारलं.

"इंग्रजीत ते मला औषध मागणार आहेत का?"

"पण काकू, ते सर आहेत. इंग्रजी गेलं तर मग त्यांचं राहिलं काय?"

"तुझे सर असतील. मला त्यांना कुठे दुखतंय ते कळायला पाहिजे, ग."

खरंच होतं ते. रात्रभर रडले.

आज सर खिडकीजवळ खुर्चीत होते. मी जेवण, चादर, चहा म्हणवून घेत होते. "च" पर्यंत आलं, काकू किती खुश झाल्या. मग सरांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पॉ." परत, "पॉ... पॉन..." कपाळावर घाम. डोळे माझ्यावर. मी एकदा म्हटलं असतं ना, तर कदाचित माझ्या मागून ते म्हणाले असते. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. रागाने नाही, हात जोडल्यासारखं.

मी म्हटलं, "विचार, सर. विचार करणं."

सरांनी मान हलवली. नाही. परत "पॉ". मी परत "विचार".

मग त्यांनी माझा हात सोडला आणि तोंड खिडकीकडे केलं. काकू चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "च म्हणा ना, आत्ता म्हटलं होतं." त्यांनी ओठ उघडलेच नाहीत. च पण नाही. चहा तसाच राहिला.

काकूंनी मला गेटपर्यंत सोडलं आणि विचारलं, "उद्या येशील ना?" मी हो म्हटलं. पण मला बघून सर तोंड तरी उघडतील का, ते मला माहीत नाही.