न गळणारी होडी

उन्हात खरवडलेल्या डांबराला एक कडवट, घशात उतरणारा वास असतो. यंदाचा सबंध हिवाळा माझ्या हातांना तो वास होता. मांडवगण फराट्याला, माझ्या माहेरच्या घरामागे, कडुनिंबाखाली वर्षानुवर्षे पालथी पडलेली ॲल्युमिनियमची लहानशी होडी मी दुरुस्त करायला घेतली होती. तिच्या शिवणींवर वडिलांनी दर उन्हाळ्यात थरावर थर चढवलेलं डांबर काळ्या सालपटांनी सुटत होतं, आणि खालून एक मलूल, रुपेरी कांती हळूहळू वर येत होती. गेलेल्या माणसाच्या हातचं काम असं आपल्याच हातांनी पुसताना जीव थोडा अडखळतोच, नाही का?

एके काळी भीमेपलीकडे, दौंड तालुक्याच्या अंगाला, आमची थोडी मळई, नदीच्या गाळाची जमीन, होती. वांगी, कलिंगडं, काकड्या. आई रोज सकाळी होडी स्वतः वल्हवत तिथं जायची. पुढे पूल झाला, मळई सुटली, होडी घरामागे आली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. भाऊ ती भंगारात देणार होता. दिवाळीत आईनं त्याला अडवलं आणि मला म्हणाली, एकदा पलीकडं जायचंय. गाडीनं पुलावरून नेते म्हटलं, तर तिनं मान हलवली. ती जागा तिला पाण्याकडूनच ओळखू येणार होती, रस्त्यानं नव्हे. कुठली जागा, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला आपलं जुनं रान पाहावंसं वाटतं, यात विचारायचं ते काय?

मी यवतच्या शाळेत शिकवते. रविवार तेवढे माझे. डांबर निघाल्यावर आम्ही होडी विटांवर उचलून ठेवली आणि आत नळीनं पाणी सोडलं. आई खाली पाटावर बसली, आणि जिथं थेंब फुटेल तिथं ओल्या गेरूचं बोट उठवत गेली. संध्याकाळपर्यंत होडीच्या पोटावर गोंदल्यासारख्या तांबड्या खुणा उमटल्या होत्या. तळाची मोठी चीर यवतच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून आणली, सैल झालेले रिव्हेट पुन्हा ठोकले, शिवणींत सीलंट भरलं, वर प्राइमर आणि रंग. पुन्हा पाणी भरलं, तेव्हा आई कितीतरी वेळ गेरूचं बोट तसंच धरून बसली होती. एकही थेंब पडला नाही. त्या दिवशी ती खूप वर्षांनी मोकळं हसली, आणि मला वाटलं, आपण काहीतरी सुरेख करून दाखवलं!

माघातल्या एका निवांत सकाळी आम्ही होडी पाण्यात लोटली. पुढे भाऊ, मागे मी, मध्ये आई. जलपर्णीचे हिरवे गालिचे वल्ह्यानं दूर सारत आम्ही पलीकडे पोचत आलो, तशी आई समोर पाहत उगाच पदर सारखा करू लागली. समोर तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं. उताराचा मऊ काठ नव्हता, उंबर नव्हता. वाळूच्या उपशानं नदी आत घुसली होती आणि कापल्यासारखी उभी मातीची दरड तेवढी उरली होती. भाऊ उतरायला जागा शोधू लागला. आईनं त्याला थांबवलं. खालच्या गढूळ पाण्याकडे पाहत ती म्हणाली, "इथंच होता उंबर. त्याच्या बुडाशी तुमची थोरली बहीण ठेवली हाय."

आपल्याआधी कुणी जन्माला आलं होतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"बारसं व्हायच्या आत गेली. मळईवर जायची तवा रोज तिथं टेकायची घडीभर. आता टेकायचं कुठं?"

आणि भावाला म्हणाली, "फिरव माघारी."

रोज सकाळी वल्हं मारत ती बाई वांग्यांसाठी तेवढी जात नव्हती, हे आम्हाला किती उशिरा कळलं! होडी दुरुस्त होण्याजोगी होती. पाच-सात वर्षं आधी तिला हात घातला असता, तर कदाचित तो काठ जाग्यावर भेटला असता. धातूची चीर सांधता येते. वाहून गेलेली जमीन कुठून आणावी, आणि त्या जमिनीच्या कुशीत ठेवलेलं लेकरू कुठं शोधावं?

होडी आता घराखालच्या काठावर ओढून बांधलेली असते. वळवाची सर येऊन गेली की तिच्यात पाणी साठतं. पूर्वी ते चिरांमधून आपोआप निथळून जायचं. आता जात नाही. बाहेरचं आत न घेणारी होडी आत पडलेलंही सोडत नाही, हे काम करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भाऊ म्हणतो, तळाला एक भोक पाडून बूच बसवू. मला ते करवत नाही. रविवारी गेले की मी तांब्यानं पाणी उपसते. आई काठावर बसून पाहत असते.

परवा उपसून होत आलं होतं. तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी उरलं होतं, त्यात कडुनिंबाचा मोहर तरंगत होता. मी तांब्या पुन्हा बुडवणार, तोच आई म्हणाली, "राहू दे तेवढं."

मी तांब्या बाजूला ठेवला आणि तिच्याशेजारी जाऊन घडीभर टेकले.