दूधकट्ट्यावरचे काका

संध्याकाळी मी किटली घेऊन दूधकट्ट्यावर समोर काढलेल्या धारेचं दूध आणायला जायचे, तेव्हा ते काका म्हशीशेजारी फेसाळ दुधाचा पेला धरून उभेच असायचे. मिशीला फेस, कमरेला मोबाईलचं पाकीट आणि तोंडात सगळ्या जगाला शिव्या. इंग्रजी शाळेत शिकलेली मी मान खाली घालून ऐकायचे.

"म्हस घ्यायची तर आम्ही चार येळा धार काढून बघतो," एकदा ते गरजले, "आन् जावई कॉम्प्युटरवर फोटो बघून?"

अमेरिकेतल्या एका मुलाला मी न भेटताच होकार द्यावा, असं तेव्हा घरी चाललं होतं. मला राहवलं नाही. "काका, तुम्ही काकूंना लग्नाआधी बघितलं होतं?"

"न्हाय की! अंतरपाट खाली आल्यावर बघितली. तिनं मला बघितलं आन् तिला रडूच फुटलं." सगळा कट्टा हसला. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुझं तसलं ठरतंय व्हय गं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तिला कुणी इचारलं न्हवतं, पोरी. तुला इचारलंय न्हवं? मग तोंड उघड की!"

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "त्याला आधी इथे येऊ दे. मग बघू."

बाबांनी टीव्ही बंद केला. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं, या वेळी कट्ट्यावर बोलतात तसं, मोठ्यानं.