वेळेआधी बाहेर

आमच्या लॅबची झाडलोट करणाऱ्या शांताबाई हल्ली एक जिना चढल्या तरी कठड्याला धरून उभ्या राहतात. म्हणून आज मीच त्यांचं रक्त घेतलं आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

तांबडी पेशी हाडांच्या मज्जेत वाढते. आधी ती मोठी, निळसर असते, पोटात भलंमोठं केंद्रक घेऊन बसलेली. मग ती लहान होत जाते, लाली धरते, केंद्रक आक्रसून काळा ठिपका होतं. शेवटी ते ती टाकून देते आणि त्यानंतरच रक्तात उतरते. मोठ्या माणसाच्या रक्तात केंद्रकासकट तांबडी पेशी दिसायची नसते.

इथे एक दिसली. काच सरकवली, तर आणखी दोन. अशा पेशी पाहिल्या की मला भरल्या ताटावरून उठवलेली माणसं आठवतात. आत मज्जेत कुणीतरी जागा बळकावत असणार. कोण, ते या काचेवर दिसत नाही.

"काय दिसतंय, भाऊ?" फरशी पुसता पुसता शांताबाईंनी विचारलं.

"काही नाही. रक्त जरा कमी पडलं, पुन्हा घेऊ."

हे वाक्य मी बारा वर्षं लोकांना ऐकवत आलोय, आणि बारा वर्षं त्या इथेच फरशी पुसताहेत.

त्यांनी फडकं बादलीत टाकलं, पदराला हात पुसले आणि स्टुलावर बसून हात पुढे केला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीला मात्र सरळ सांगा."