घरी कळवायचा नंबर

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बोईसरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काम करते. आई होती तोवर माझ्या रजा तिच्या दवाखान्यात संपायच्या. ती गेल्यावर त्या साठायला लागल्या. शेवटी साहेबच म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात पंधरा दिवस तरी घरी बसा." घरीच तर बसायचं नव्हतं. म्हणून मी केळव्याला गेले.

मे महिन्यात आमची इमारत रिकामी होते. कोणी जळगावला, कोणी नांदेडला, कोणी कोल्हापूरला. सगळे आपापल्या गावी जातात. दारांबाहेरच्या चपलासुद्धा नाहीशा होतात. माझं गाव साताऱ्याकडे, तिथे भाऊ आहे. आमचं भांडण वगैरे काही नाही. दिवाळीला फोन होतो, तब्येतीची चौकशी होते आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

केळवं आणि माकुणसारच्या मधे एका सुपारीच्या वाडीत कौलारू घर होतं. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. घरात नवरा-बायको दोघंच, साठी ओलांडलेली. काकांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलायच्या त्या काकूच.

मी पिशवी ठेवली तोच त्यांनी विचारलं, "एकट्याच? बाकीची मागनं येतात?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घ्यायची लाज वाटली.

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी रिक्षाने समुद्रावर गेले, सुरूच्या झाडांखाली बसले, पाण्यात पाय बुडवले. आजूबाजूला सगळी बिऱ्हाडं घेऊन आलेली माणसं. एका बाईने मला त्यांचा सगळ्यांचा फोटो काढायला सांगितला. मी तीन काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा लावलेली रिक्षा वाडीसमोरून गेली. समुद्रात चक्रीवादळ आहे, पर्यटकांनी परत जावं, कच्च्या घरातल्यांनी शाळेत यावं. शेजारच्या खोलीतलं ठाण्याचं कुटुंब तासाभरात गाडी भरून निघालं.

काकू माझ्या दाराशी आल्या. "ताई, तुमी पन जा. बोईसर काय लांब नाय. अजून गाड्या चालू हायत."

"उद्या सकाळी बघते," मी म्हटलं.

"आनि तुमची मान्सं?"

"त्यांचं रद्द झालं."

"बरंच झालं बाय, नायतर वाटेत अडाकली असती."

खरं म्हणजे मी तेव्हाच निघायला हवं होतं. केळवे रोड स्टेशनवर गाडी पकडली असती तर अर्ध्या तासात घरी. पण चार दिवसांचा मुक्काम दीड दिवसात गुंडाळून त्या रिकाम्या जिन्यातून वर चढायचं माझ्या जिवावर आलं. वादळ येतं येतं म्हणतात आणि गुजरातकडे निघून जातं, असं मी स्वतःला समजावलं.

सकाळी जाग आली तेव्हा वीज गेलेली होती. गाड्या बंद झाल्याचं काकूंनी सांगितलं. फोनला रेंज नव्हती आणि चार्जिंग संपत आलं होतं. वारा अजून फार नव्हता, पण आभाळाचा रंग मळकट पिवळा झाला होता आणि एकही पक्षी ओरडत नव्हता. दहाच्या सुमारास पाऊस आडवा यायला लागला. अकराला पहिली सुपारी मोडली. काडकन आवाज आला, मग आणखी एक, मग मोजता येईना. सुपारीची झाडं आधी खूप वाकतात. आता वाचलं असं वाटतं आणि मग मधूनच तुटतात.

काका पानवेलीचा मांडव बांधायला वाडीत गेले होते. त्यांना आवाज ऐकू येत नव्हते. काकू पायरीवरून हाका मारत होत्या आणि मलाच त्या ऐकू येत होत्या, काकांना नाही. मी धावले. आयुष्यात कधी अशी धावले नव्हते. काकांच्या दंडाला धरून ओढलं तेव्हा ते चिडून वळले, मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बरोबर आले. आम्ही ओटीवर पोचतोय तेवढ्यात पडवीचे पत्रे उचलले गेले. एक पत्रा कागदासारखा वळत वळत शेजारच्या वाडीत गेला.

"चला, शालेत," काकू म्हणाल्या. एका पिशवीत त्यांनी कागदपत्रं आणि देवाचा टाक घातला. मी माझी पर्स घेतली. वारा थोडा पडला तशी तिघं एकमेकांना धरून, पडलेल्या फांद्यांवरून शाळेपर्यंत गेलो. एरवी दहा मिनिटांची वाट, तिला पाऊण तास लागला.

शाळेच्या दोन वर्गांत शंभरेक माणसं असतील. ज्याची त्याची चटई, ज्याचं त्याचं कोंडाळं. काकूंची नणंद, तिच्या सुना, पोरं आधीच तिथे होती. त्यांनी काका-काकूंना आत ओढून घेतलं. काकूंनी मला हात केला, "या ना, हिकडं बसा." मी बसले. त्यांनी मला चहा दिला, कोरडा टॉवेल दिला. कोणी विचारलं की काकू सांगायच्या, "आमच्याकडची पावनी हाय." त्यांनी काही कमी केलं नाही. तरी थोड्या वेळाने मी उठून फळ्याखाली जाऊन बसले. त्यांच्या बोलण्यात इतकी घरची नावं होती की मला मान हलवत राहणंही जमेना.

ग्रामपंचायतीतली एक तरुण बाई वही घेऊन प्रत्येकाजवळ जात होती. नाव, वय, गाव. माझ्याजवळ येऊन तिने विचारलं, "घरी कोणाला कळवायचं? नंबर सांगा."

फोन तोवर बंद पडला होता. भावाचा नंबर फोनमध्ये होता, पाठ नव्हता. ऑफिसचाही नव्हता. ती पेन धरून थांबली होती.

मला एकच नंबर पाठ होता. मी तो सांगितला.

"कोण लागतात?"

"आई."

तिने लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडे गेली. आईचं सिम मी वर्षभरापूर्वीच बंद होऊ दिलं होतं. फोन लागणार नाही, ती वहीत काट मारेल, एवढंच होईल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वारा पूर्ण थांबला. आम्ही परतलो तर निम्मी वाडी आडवी झालेली. काका एका मोडक्या बुंध्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. गाड्या सुरू झालेल्या नव्हत्या. मी साडी खोचली आणि काकूंबरोबर कौलं गोळा करायला लागले. धड असलेली एका बाजूला, फुटकी दुसऱ्या बाजूला. दुपारी ती ग्रामपंचायतवाली बाई पंचनाम्याला आली. पालघरला कचेरीत जाऊन आली होती, तिथे रेंज होती. यादीतल्या सगळ्यांच्या घरी तिने फोन केले होते.

"ताई, तुमच्या घरी पण कळवलं बरं का. आईनंच उचलला फोन."

माझ्या हातातलं कौल खाली पडलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं झालं बाई सांगितलंस. तिला म्हणावं, सावकाश ये, घाई करू नकोस."

काकू म्हणाल्या, "आईला काळजी तं असनारच!" मी वाकून कौलाचे तुकडे उचलत राहिले. बंद झालेला नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला तरी दिला असणार, हे मला लगेच कळलं होतं. कळूनही पदराने डोळे पुसावे लागले. काकूंना वाटलं, मी घाबरले होते म्हणून आता रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. निघताना काकूंनी पडलेल्या झाडांचे दोन नारळ पिशवीत घातले. "पुढच्या येलेला सगल्यांना घेऊन या," म्हणाल्या. मी "हो" म्हणाले.

बोईसरला घरी येऊन फोन चार्ज केला. चार दिवसांत वीज कंपनीचा एक मेसेज आणि ऑफिसच्या ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. भावाचा फोन नव्हता. मी केळव्याला आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, तेव्हा त्याला तरी काय बोलणार?

आठवडाभराने, एका रविवारी सकाळी मी तो नंबर लावला. पलीकडून एका वयस्कर बाईंचा आवाज आला, मराठवाड्याकडचा. मी सांगितलं, "वादळाच्या वेळी तुम्हाला एक फोन आला होता. ती मी."

"पोचलीस का घरी?" त्यांनी लगेच विचारलं.

"पोचले. नंबर चुकून दिला होता मी. माफ करा."

"अगं, माफी कशाची! मला लेक नाहीच. दोघं पोरंच. ती पोरगी म्हणाली, तुमची मुलगी सुखरूप आहे. आता नाही म्हणावं तर तिकडे कोणाच्या तरी लेकीचा निरोप हवेत राहील. मग म्हटलं, आपणच घ्यावा."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग ठेवू का?" त्या म्हणाल्या.

"हो. ठेवा."

पुन्हा फोन करण्यासारखं काही निमित्त नव्हतं आणि मी केला नाही. नंबर कुठल्या नावाने ठेवावा हे न कळल्यामुळे मी तो ठेवलाही नाही. त्या दिवशी जेवणात नारळाची चटणी केली. एकटीला बरीच झाली. दोन दिवस पुरवून खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.