पुलाच्या अलीकडची खिडकी

वर्षभर ती जमिनीखाली बसते. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची जागा आहे, तिच्या तोंडाशी काचेची इवलीशी केबिन, आणि त्या केबिनीत तिकिटं फाडत ती. तिला दिसतात ती चाकं, पैसे धरलेले हात, क्वचित एखादी हनुवटी. मग शरद सरत येतो, फुटपाथवर पानांचे ढीग साचतात आणि शहराचा महोत्सव सुरू होतो. चौकाचौकात मंच उभे राहतात, बागेत शाळांची गाणारी पथकं येतात, कॉफीच्या गाड्यांपाशी अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. शेवटच्या संध्याकाळी कागदी कंदिलांची मिरवणूक निघते. त्या मिरवणुकीच्या पुढे, उंच काठ्यांवर, घोळदार लांबलचक विजार घालून ती चालते. पथकातली पोरं तिला शिडीताई म्हणतात.

काठ्या तिच्या पायांना बांधतो तो तिचा नवरा. कोपऱ्यावर त्याचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे. चामडं, बकल, दोरा हे त्याचं रोजचं. पथकात त्याला पायमास्तर म्हणतात. टेम्पोच्या टपावर ती पाय सोडून बसते आणि तो बाजूच्या शिडीवर उभा राहून आधी पावलावरचा पट्टा आवळतो, मग गुडघ्याखालचा. हे सगळं तो न बघता करतो, आणि त्याचा त्याला थोडा तोराही आहे. बकलाचा काटा भोकात बसला की एक बारीकशी टक् होते, ती बोटांना कळते. मग तो म्हणतो, "झालं." त्या एका शब्दावर ती उभी राहते. चालणाऱ्यानं स्वतःच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, असा पथकाचा नियमच आहे. एकदा शंका घेतली की पाय चालत नाहीत.

दुसरा नियम असा, की खालून हाक मारायची नाही. खाली बघितलं की तोल गेलाच. आणि थांबायचंही नाही, कारण अशा काठ्यांवर स्थिर उभं राहता येत नाही. टेम्पो पुलापलीकडे जाऊन थांबतो, तिथपर्यंत चालत राहायचं. तो फुटपाथच्या कडेनं तिच्या पायांवर नजर ठेवून चालतो. इतक्या वर्षांत त्यानं महोत्सव पाहिला तो एवढाच. ओली पानं, वायरी, चेपलेले कप आणि काठ्यांची टोकं.

बाकीचं ती घरी आल्यावर सांगते, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून. कागदी मासा वळताना त्याची शेपटी कशी मागे राहिली, कोणाच्या खिडकीत मांजर झोपलं होतं. पुलाच्या अलीकडे एक ठेंगणी इमारत आहे, तिथला दातांचा डॉक्टर दरवर्षी दिवे मालवून, खिडकी सताड उघडून पेशंटांसकट बघत बसतो. खिडकीला गजसुद्धा नाहीत, म्हणाली होती, हात लांब केला तर त्याच्या कपातला चहा पिता येईल. "तुझं बरंय," तो म्हणायचा, "तुला फुकटात बाल्कनी."

यंदा उन्हाळा संपताना एका बॅगेच्या अस्तरावर त्याला रक्ताचा डाग दिसला. सुई त्याच्याच बोटात होती, आणि त्याला पत्ता नव्हता. त्यानं अस्तर बदललं, सुई बदलली आणि घरी काही सांगितलं नाही. मग शर्टाची बटणं लागेनात, म्हणून तो डोक्यातून घालायचे स्वेटर वापरू लागला. थंडीचा अजून पत्ता नाही आणि हे तिच्या स्वागताला उभे, असं ती शेजारणीला म्हणाली. तोही हसला.

मिरवणुकीच्या संध्याकाळी तो डावा पट्टा आवळत असतानाच ढोल सुरू झाले. टक् त्याला ऐकू आली नाही, आणि बोटांनी तर केव्हाच सांगणं सोडलं होतं. त्यानं पट्टा ओढून पाहिला. घट्ट वाटला. मान वाकवून नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. पण तो कधी बघत नसे, आणि आज बघितलं तर तिनं विचारलं असतं.

"झालं," तो म्हणाला.

विजार खाली सोडली, ती उठली, आणि रस्ता तिच्या मागून निघाला.

पहिल्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या चौकात एका कंदिलाचा उजेड विजारीवर पडला. डाव्या गुडघ्याखाली बकलाचा उंचवटा कापडातून दिसत होता, आणि तो उजव्यापेक्षा खाली होता. आपल्याला भास होतोय, असं त्यानं ठरवलं. नाटकगृहाशी पुन्हा उजेड आला, तेव्हा उंचवटा आणखी बोटभर घसरलेला. काटा भोकात नव्हताच. पट्टा नुसता अडकून राहिला होता.

सपाटीवर तो कदाचित टिकला असता. पण पुढे पूल होता, आणि पुलाचा उतार. उतारावर सगळा भार गुडघ्यावर येतो. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ढोलवाल्यांना थांबवलं तर तीही थांबणार. मग त्याला तो चहाचा कप आठवला.

त्यानं तिच्या पायांवरची नजर काढली आणि पळत सुटला.

त्या ठेंगण्या इमारतीचा जिना अरुंद होता. दवाखान्याचं दार उघडंच होतं. अंधारात खिडकीशी खुर्च्या मांडून चार-पाच जण बसले होते, एकाच्या गालात कापसाचा बोळा. नंबर लावलाय का, डॉक्टरांनी मागे न बघताच विचारलं.

"माझी बायको येतेय," तो धापा टाकत म्हणाला.

"येऊ दे की. कुठून?"

"खिडकीतून."

खुर्च्या सरकल्या. तो खिडकीत वाकला, आणि क्षणभर कशासाठी आलो तेच विसरला. खाली रस्ता राहिलाच नव्हता. मासे, बगळे, चंद्र, जहाजं, सगळं उजेडाचं, हलत हलत येत होतं, आणि त्या सगळ्याच्या पुढे तिचा चेहरा. चालताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असतील, असंच त्याला वाटत आलं होतं. ती हसत होती. तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी.

मग तिनं त्याला पाहिलं. हसू तिथंच विरलं. तो खिडकीत आहे म्हणजे पायांशी कोणी नाही, हे तिला कळायला वेळ लागला नाही.

"इकडे ये," तो हळू म्हणाला. "पाठ करून बस."

तिनं विचारलं नाही. छोटी छोटी पावलं टाकत ती वळली. डावी काठी एकदा वाकडी गेली, तसं रस्त्यावर कोणीतरी ओरडलं. त्यानं आणि डॉक्टरांनी तिला काखेत धरलं आणि चौकटीवर ओढून बसवलं. डॉक्टरांनी तिला तसंच धरून ठेवलं.

त्यानं बाहेर वाकून विजार वर सारली, पट्टा धरला. काटा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिची नजर त्याच्या हातांवर होती.

"झालं का?" तिनं विचारलं.

इतका सोपा शब्द. तो त्याच्या तोंडातून निघेना.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "बोटांना कळत नाही. बरेच दिवस झाले."

खालून ढोल गेले, मासा गेला, त्याची शेपटी मागे राहिली. मग तिनं त्याचा हात बाजूला केला आणि वाकून स्वतःच पट्टा धरला.

"मी ओढते. तुम्ही बघा."

त्यानं बघितलं. काटा भोकावर आला, घसरला, आला, बसला.

"झालं," तो म्हणाला. तिनं उजवा पट्टाही तसाच तपासून घेतला.

आता पुढे जाऊ नका म्हणून डॉक्टर समजावू लागले. तो पुलाकडे बघत होता. "मिरवणूक पुढे चाललीय," तो म्हणाला. "पूल राहिला."

"पूल कुठं पळून जात नाही." तिचा आवाज अजून कोरडा होता. "म्हणून ते स्वेटर."

त्यानं मान हलवली.

"मला सांगितलं असतं तर?"

"तर तू मला बांधू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं." तिनं विजार पुन्हा खाली सोडली. "आणि तुम्ही झालं म्हणालात."

कोणीतरी त्याच्यामागे खुर्ची सरकवली. तो बसला. तिच्या काठ्या खिडकीबाहेर लोंबत होत्या आणि त्यांच्या खालून उरलेले कंदील पुलाकडे चालले होते. तिनं त्याच्याकडे न बघता त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तर्जनीचं टोक दाबलं.

"कळतंय?"

थोडं, असं म्हणता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

तिनं आणखी जोरात दाबलं आणि रस्त्याकडे बघत राहिली. तिनं बोट सोडलेलं नाही, हे त्याला बघूनच कळत होतं.